दोरीचं दुसरं टोक

चूक गंगाधररावांची. लाइट गेली होती, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या ओट्यावर पोट्टे जमले होते, आणि नरहरीकाकांनी सुरुवातच इथून केली. "माह्या ऑफिसातला माणूस. बाकीचे म्हणतात, पोराचं नशीब. नशीब गेलं खड्ड्यात."

गंगाधररावांना मूळव्याध. खवल्या मांजराच्या खवल्याची अंगठी घातली की बरी होते, असं कुणीतरी सांगितलं. एवढा शिकलेला माणूस, पण लगेच अभनपूरपलीकडच्या एका वस्तीवर गेला. हे जनावर बिळात राहतं. बीळ अरुंद, मोठा माणूस मावत नाही, म्हणून पोराच्या पायाला दोरी बांधून त्याला आत सोडतात. त्या वस्तीतला बुधरू आठ-नऊ वर्षांचा. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. तो काही न विचारता शिरला. दोरी गंगाधररावांच्या हातात. आतून तीन हिसके आले की ओढायचं, एवढंच काम.

तीन हिसके आले.

"रुक, पहले पकड तो ले," गंगाधररावसाहेब बिळाशी वाकून म्हणाले.

माती धसली. उकरून काढलं तेव्हा पोरात जीव नव्हता, मुठीत एक खवला होता. साहेबांनी मूठ उघडली आणि तो घेतला.

"मूठ उघडून?" पोट्ट्यांतला विहंग म्हणाला. "काका, कैसा आदमी था यार."

"होता काहून म्हणतो? आहे. आपल्या गणपतीची पहिली आरती कोण करते, सांग."

काका पुढे सांगू लागले.

यंदा देवउठनी एकादशीच्या आदल्या रात्री गंगाधरराव तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणायला अभनपूरला गेले. ऊस दोरीनं स्कूटरला बांधून परत निघाले. नव्या रायपूरचा रुंद रस्ता. दिवे लागलेले, माणूस नाही. मागे काहीतरी घासत होतं. दोरीचं टोक सुटलं असेल म्हणून ते उतरले आणि दोरी बोटांभोवती गुंडाळू लागले.

दोरी संपेना.

दिव्यांच्या पलीकडे, अंधारात गेलेली. मग ताणली…

हिसका.

"कौन है?"

…

दुसरा.

उजव्या हातातली त्या खवल्याची अंगठी आवळू लागली. ते जनावर घाबरलं की अंग आवळून घेतं, तशी.

तिसरा…

आता ओढायचं होतं.

त्यांनी दोरी सोडली.

सकाळी स्कूटर सापडली, ऊस जसेच्या तसे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक फास होता, लहान पोराच्या पायाला बसेल एवढा. आत ओली माती. आठवडाभर पाऊस नव्हता.

अंगठी मिळाली नाही. गंगाधररावांच्या उजव्या हाताला आता चार बोटं आहेत.