चार रिकाम्या मात्रा

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्राची तालीम दर शनिवारी सकाळी दहाला, चर्चमागच्या सभागृहात असते. अकराला कॉफी मिळते आणि कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. डबा फिरतो, प्रत्येक जण एक उचलतो आणि झाकण बंद. मी इथे नऊ वर्षं फ्लूट वाजवते आहे, दुसरं बिस्किट अजून पाहिलेलं नाही.

मार्चमधल्या त्या शनिवारी कॉफीच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिकांचा ताजा गठ्ठा होता. मी एक उचलली. शेवटची रचना, 'सकाळची कवायत'. खाली ठळक अक्षरांत, रचना आणि संचालन: रूलोफ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धून माझ्या बाबांची होती.

बाबा म्हणजे हरिहर मास्तर, सांगलीच्या एका शाळेचे बँडमास्तर. धून स्वतः लिहायचे आणि डाव्या हातात काठी घेऊन पोरांकडून स्वतःच वाजवून घ्यायचे. उंची जेमतेम पाच फूट, पण मैदानात साठ पोरं त्यांना टरकून असायची. त्यांच्या प्रत्येक धुनेत मध्येच नोटेशनचं एक घर रिकामं असायचं. चार मात्रा, कुणीच काही वाजवायचं नाही. त्या चार मात्रांत बाबा चुकलेल्या पोराकडे बघायचे. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसतं बघणं. मग बाकीची सगळी पोरंही वळून त्याच्याकडे बघायची. चुकलेल्यानं मान वर केल्याशिवाय बाबांची काठी हलायची नाही, मग चाराच्या चाळीस मात्रा झाल्या तरी चालेल. मीही त्या बँडमध्ये होते. मुलगी म्हणून कधी सूट मिळाली नाही.

ते गेल्यावर त्यांची वही मी इकडे आणली आणि गेल्या हिवाळ्यात ही एक धून कॉम्प्युटरवर उतरवून काढली. हौसेनं रूलोफला पाठवली. तो स्वतः लिहितो, स्वतःच वाजवून घेतो, म्हटलं याला कळेल.

"रूलोफ, हे काय आहे?" मी पत्रिका त्याच्यासमोर धरली.

"सुंदर झालंय ना? मी ऑर्केस्ट्रासाठी नव्यानं लिहिलं."

"धून माझ्या वडिलांची आहे."

"मला वाटलं लोकसंगीत असेल." सव्वासहा फूट उंचीवरून तो माझ्याकडे शांतपणे बघत होता. "तुझ्या फाइलवर कुणाचंच नाव नव्हतं, शुभदा."

चोर तो चोर, वर शिरजोर. पण ते खरं होतं. संगीतकाराचा रकाना मी कोरा ठेवला होता. विसरून नव्हे. परेडच्या मैदानावरच्या बँडमास्तरला संगीतकार म्हणायची मला लाज वाटली होती.

"पत्रिका पुन्हा छापून घे," एवढंच मी म्हणाले.

"आता उशीर झाला," तो म्हणाला आणि कप धुवायला गेला.

कॉफीनंतर आम्ही ती धून पहिल्यांदा वाजवायला घेतली. बत्तिसावं घर संपलं आणि सगळे थांबले. चाळीसच्या चाळीस वाद्यं, एका दमात.

"का थांबलात?" रूलोफनं विचारलं.

"तूच थांबवलंस," पहिली व्हायोलिनवाली म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी माझा कागद पाहिला. वहीत बत्तिसाव्या घरानंतरच बाबांचं रिकामं घर होतं. छापल्यावर ते चुकून राहिल्यासारखं दिसत होतं, म्हणून मीच ते काढून टाकलं होतं. रूलोफनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यानं सगळ्यांना पेन्सिलीनं 'थांबू नये' असं लिहायला लावलं. मोठ्यानं मात्रा मोजत हात चालवला. बत्तीस संपलं आणि मोजता मोजता त्याचाच आवाज बंद पडला. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग सगळे एकदम सुरू झाले. सभागृहात ब्रासोचा वास येत होता. दर शुक्रवारी आमच्या ओट्यावर बाबा पितळी वाद्यं घासायला बसायचे, तेव्हा यायचा तसा. माझ्या शेजारच्या ओबोवाल्यानं नाक मुरडलं आणि खिडकी उघडली.

मी स्वतःला समजावलं. चूक एकदा अंगवळणी पडली की सगळेच ती करतात. बँडमध्ये हे रोजचं असतं.

घरी अभिजितला सांगितलं, ते चोरीचं तेवढंच.

"अगं, जाऊ दे ना," माझा नवरा म्हणाला. "निवृत्त माणसांचा ऑर्केस्ट्रा तो. एक मेल टाक आणि सोडून दे. आपल्याला इथेच राहायचंय."

"तुझ्या बाबांचं घर कुणी स्वतःच्या नावावर केलं असतं तर?"

तो लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला. त्याचाही राग आला. खरं तर त्या आठवड्यात मला सायकलच्या घंटीचाही राग येत होता.

मी मेल टाकली. रूलोफचं उत्तर दोन ओळींचं होतं. कार्यक्रम झाल्यावर बोलू.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मी ठरवलं होतं, त्या माणसाच्या काठीकडे बघायचंच नाही. मान खाली, नजर कागदावर, धून मला तोंडपाठ. बत्तिसावं घर संपलं. शांतता झाली. ब्रासोचा वास इतका दाट आला की डोळ्यांत पाणी आलं. मी मान वर केली नाही. चार मात्रा मोजल्या आणि फ्लूट ओठाला लावली. सगळे वाजवत होते, मलाही तसंच ऐकू आलं. टाळ्या पडल्या. रूलोफनं वाकून त्या घेतल्या.

आज संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर त्या धुनेचा व्हिडिओ आला. अकरा मिनिटांचा. जेवणाच्या टेबलावर लेकीनं, सानिकानं, तो टॅबवर लावला.

बत्तिसावं घर संपलं. सगळे थांबले.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आल्या त्या वादकांच्या नजरा. त्या रूलोफकडे नव्हत्या. त्याच्या डाव्या बाजूला, खाली होत्या, जेमतेम पाच फूट उंचीवर. तिथे कुणीच नव्हतं.

मग पहिल्या रांगेनं मान वळवली. मग दुसरीनं. व्हायोलिनवाले खुर्चीतच पूर्ण मागे फिरले. कॅमेऱ्याला त्यांच्या पाठी दिसू लागल्या.

रूलोफचीही मान हळूहळू तिकडेच वळली. काठी त्याच्या डाव्या हातात होती.

"आई," माझी लेक म्हणाली, "व्हाय इज एव्हरीवन लुकिंग ॲट यू?"

मी टॅब हातात घेतला. "अडकलाय बहुतेक."

"नो, लुक. सेकंद चाललेत."

चालले होते. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. एका बाईनं पर्स बंद केली.

मी उठून कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. कोऱ्या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. रिकामं घर परत जागेवर घातलं. रूलोफला, सगळ्यांना पाठवून दिलं. मग टेबलाशी आले.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. आता चौदावं मिनिट चालू आहे. चाळीस माणसं वाट बघताहेत आणि मधल्या खुर्चीतली मी अजून मान खाली घालून बसले आहे.