वाऱ्याचा ट्रॅक

गुरुवारी तळेगावच्या एमआयडीसीला सुट्टी असते. राजेश्वरी त्या दिवशी उशिरा उठायची, केस धुवायची आणि दुपारभर हेडफोन लावून गाणी करत बसायची. पण श्रावणातल्या त्या गुरुवारी ती सकाळीच नवलाख उंबऱ्याच्या घरून निघाली. पर्समध्ये रिकामी हार्डडिस्क होती, एक वायर होती, आणि विठामावशींसाठी पावशेर पेढे. लोणावळ्याला उतरून तिनं कुरवंड्याची रिक्षा धरली. धुकं इतकं दाट होतं की रिक्षावाला डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता.

काम तसं साधंच होतं. पवनच्या कॉम्प्युटरमधलं एक गाणं काढून आणायचं होतं.

पवन जाऊन चौदा महिने झाले होते. तो कुरवंड्याचा. शनिवार-रविवार लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर डीजे म्हणून दुसऱ्यांची गाणी वाजवायचा आणि उरलेला आठवडा स्वतःची करायचा. राजेश्वरी कारखान्यात मालाची क्वालिटी तपासायला होती. दिवसभर मशीनच्या ठोक्यांत उभी राहून तिच्या डोक्यात ताल बसलेला असायचा, तो ती घरी येऊन लॅपटॉपवर उतरवायची. दोघांची ओळख इंटरनेटवर झाली. मग कळलं की दोघं एकाच मावळातली. चार वर्षं त्यांनी एकत्र गाणी केली. त्या गाण्यांच्या आडून जे काही वाढत होतं, त्याला दोघांपैकी कुणी नाव दिलं नव्हतं.

भांडण झालं ते सॉफ्टवेअरवरून. पवन ज्यावर गाणी करायचा ते फार जुनं होतं. ते बनवणारी कंपनीच बंद पडली होती. त्यात केलेलं गाणं दुसऱ्या कशातच उघडायचं नाही. राजेश्वरीनं नवीन घेतलं, महिन्याला पैसे भरायचं, आणि त्याच्या मागे लागली.

"उद्या हा डबा बंद पडला की तुझी गाणी कुठं उघडशील?"

"माझा हात बसलाय गं त्यावर. डोळे मिटून चालतो. नव्यात मला माझाच आवाज परका लागतो."

"मग आपण एकत्र काम कसं करायचं?"

"मी एकेका आवाजाचा ट्रॅक सुटा काढून देतो की."

तो देत नसे. आठवडेच्या आठवडे जायचे. शेवटी एका शनिवारी त्याचा फोन आला. "उद्या पहाटे नागफणीच्या कड्यावर ये. पर्यटक यायच्या आत वारा रेकॉर्ड करू. गाण्यात तेवढाच राहिलाय."

राजेश्वरी वैतागलेली होती. ती म्हणाली, "आधी सॉफ्टवेअर बदल, मग येते."

तो एकटाच गेला. सोमवारी शोधपथकाच्या पोरांनी त्याला दरीतून वर आणलं. पिशवी सापडली, एक बूट सापडला. रेकॉर्डर आणि मोबाइल सापडले नाहीत.

चौदा महिने ती कुरवंड्याला गेली नव्हती. शेवटी पवनच्या आईचा, विठामावशींचाच फोन आला. "कॉम्प्युटर तीनदा दाबल्याबिगर चालू व्हत न्हाई बग. वलीनं खराब व्हतोय. तुला काय काढून घ्यायचं आसंल तर ये."

दारात विठामावशी उभ्याच होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू होतं. पण चेहरा पार वाळला होता. "आलीस व्हय," एवढंच म्हणाल्या आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही. पवनचे वडील शिदूआबा भातखाचरावर गेले होते.

पवनची खोली घराच्या मागच्या अंगाला. एक खिडकी, एक मागचं दार, दाराबाहेर गवताचा उतार, आणि त्यापलीकडे धुकं. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, ओलीनं फुगलेले. खोलीत बुरशीचा वास होता. त्याखाली अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. राजेश्वरीनं तो ओळखला आणि क्षणभर तिला खुर्चीत बसवेना.

तिसऱ्या दाबाला कॉम्प्युटर चालू झाला. ते जुनं, करड्या रंगाचं सॉफ्टवेअर उघडलं. शेवटचं गाणं वरच होतं. त्यात बारा ट्रॅक होते.

ते सॉफ्टवेअर ट्रॅक झटकन काढून देत नसे. गाणं सहा मिनिटांचं असेल तर प्रत्येक ट्रॅकला सहा मिनिटं लागत. तो वाजत जाणार आणि वाजता वाजता उतरत जाणार. तिला बसून ऐकणं भाग होतं. तिनं हेडफोन लावले.

पहिला खोल ठोका. दुसरा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. तो ऐकताच तिला हसू आलं, कारण तो तिच्याच कारखान्याचा होता. तिनं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेला. मग एक सूर, एक कुजबुजता आवाज, पत्र्यावरचं पाणी. पवननं प्रत्येक आवाजाला जागा ठेवली होती, आणि जागोजागी मोकळं सोडलं होतं. तिच्यासाठी. इथं तू काहीतरी भर, असं तो नेहमी म्हणायचा. सुटे ट्रॅक ऐकताना ते मोकळेपण उघडं पडत होतं. ती बोटांनी डोळे पुसत होती आणि एकेक ट्रॅक उतरवत होती.

अकरा झाले. बाराव्याचं नाव होतं 'वारा'.

तिनं तो लावला. आधी नुसता खरखराट. ओल्या गवतावरची पावलं. दम लागलेला श्वास. आणि मग अगदी कानाशी पवनचा आवाज. रेकॉर्डिंग सुरू करताना तो वार आणि ठिकाण बोलून ठेवायचा.

"रविवार. नागफणी. राजी आली न्हाई. असू दे. वारा झकास लागलाय. आईनं च्या ठेवला असंल आता…"

राजेश्वरीनं ट्रॅक थांबवला. रविवार. तोच रविवार. हे ज्या रेकॉर्डरमध्ये गेलं, तो रेकॉर्डर दरीत होता. मग हे इथं कुणी आणून ठेवलं?

"काय गं? काय झालं?" विठामावशी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

सांगावं की नाही, हे ठरवायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं. "मावशी… त्याचा आवाज आहे."

मावशींनी कप खाली ठेवला. राजेश्वरीनं त्यांच्या पदरावरून हेडफोन कानांवर बसवले आणि ट्रॅक पहिल्यापासून लावला. मावशी ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त ओठ पुटपुटले, "ठेवलाय की बाबा च्या."

"मावशी, हे त्या दिवशीचं आहे," राजेश्वरी हळूच म्हणाली. "आणि ते यंत्र तर…"

"मला ठावं हाय." त्यांनी तिला मध्येच थांबवलं. "ते यंत्र घावलं न्हाई. कसं आलं ते नगं सांगू मला. माज्या फोनात घालून दे."

राजेश्वरीनं हेडफोन त्यांच्या मोबाइलशी धरला आणि पवनचं बोलणं तेवढं रेकॉर्ड करून दिलं. अकरा सेकंद भरलं. मावशी फोन छातीशी धरून चुलीकडे गेल्या. आतून तो आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला.

आता ट्रॅक उतरवायचा राहिला होता. तिनं पुन्हा हेडफोन चढवले. बोलणं संपलं, मग नुसता वारा. दरीतून वर येणारा, घशातून निघाल्यासारखा. पाच मिनिटं. सहा. गाणं संपलं, पण स्क्रीनवरची रेघ थांबली नाही. ती पुढे सरकत होती आणि तिच्यामागे आवाजाची लाट उमटत होती. नवीन. कॉम्प्युटरला माइक जोडलेला नव्हता.

"राजी…"

तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले.

"आलीस?"

तिनं हेडफोन काढले. खोलीत काहीच नव्हतं. पलीकडे चुलीत लाकूड तडतडलं. उघड्या मागच्या दारातून धुकं आत आलं होतं. तिला उठून पळता आलं असतं. पण चौदा महिने ती ज्या आवाजासाठी रोज रात्री जुने मेसेज चाळत होती, तो त्या दोन गोल स्पंजांत होता. तिनं हेडफोन पुन्हा लावले.

"किती उशीर केलास गं…"

"पवन," ती पुटपुटली. "चुकलं रे माझं. मी यायला पाहिजे होतं. कसल्या सॉफ्टवेअरवरून भांडत बसले…"

"असू दे… ऐक ना… हितं वारा लय भारी हाय. तिथनं तुला नीट ऐकू येनार न्हाई…"

"मग कुठून?"

"पुढं ये… आणखी थोडं… हां… अजून दोन पावलं…"

त्या आवाजात राग नव्हता. उलट माया होती. तो जिवंत असताना असं कधी बोलला नव्हता. तिला वाटलं, आता तो ते बोलणार. चार वर्षं जे राहून गेलं, ते.

"राजी… मला तुला एक…"

कुणीतरी तिचं मनगट गच्च धरलं. "कुटं निघालीस!"

राजेश्वरी मागच्या दाराबाहेर उभी होती. अनवाणी, गुडघाभर गवतात. हेडफोन गळ्यात होते आणि त्यांची उपटलेली वायर मागे लोंबत होती. ती कधी उठली, वायर कधी निघाली, तिला काहीच आठवत नव्हतं. वायर निघाल्यावरही ती त्याचं बोलणं ऐकत होती, एवढंच आठवत होतं. समोर धुक्यात उतार संपला होता आणि खाली दरी होती.

मावशींनी तिला ओढत आत आणलं, दार लावलं आणि भिंतीतला प्लग उपटून टाकला. दोघी बराच वेळ जमिनीवर एकमेकींना धरून बसल्या. मग मावशी म्हणाल्या, "परत चालू करू नगं."

पण राहिलेला बारावा ट्रॅक राजेश्वरीला सोडवेना. शिदूआबा परत आले तेव्हा त्यांना शेजारी बसवून तिनं कॉम्प्युटर एकदाच लावला. गाण्यात अकरा ट्रॅक होते. 'वारा' कुठंच नव्हता. हार्डडिस्कवरही अकराच उतरले होते.

त्या अकरांतून तिनं गाणं पुरं केलं. त्यानं सोडलेल्या मोकळ्या जागांत आपले ठोके बसवले, जिथं मन होईना तिथं तशाच ठेवल्या, आणि दिवाळीच्या पाडव्याला दोघांच्या नावानं इंटरनेटवर टाकलं. अनोळखी लोकांनी छान छान लिहिलं. तिला पहिल्यांदा हलकं वाटलं. रात्री झोप लागू लागली.

मार्गशीर्षात एका गुरुवारी ते गाणं ऐकवायला ती कुरवंड्याला गेली. लख्ख दुपार होती. विठामावशी अंगणात उन्हाला बसल्या होत्या, फोन कानाशी. अंगानं भरल्या होत्या, चेहऱ्यावर तेज आलं होतं. मध्येच "हूं" म्हणत होत्या, मध्येच हसत होत्या. राजेश्वरीला वाटलं, नात्यातल्या कुणाशी बोलताहेत. ती पायरीवर टेकली.

"ये गं," मावशी फोन न काढताच म्हणाल्या. "लय बोलतो आता. आदी एवडुसंच बोलायचा. आता रोज थोडं थोडं वाढवतो."

राजेश्वरीनं वाकून स्क्रीन बघितली. कुणाचा कॉल नव्हता. तेच रेकॉर्डिंग चालू होतं. अकरा सेकंदांच्या जागी दोन तास चाळीस मिनिटं लिहिलेलं होतं. ती बघत असतानाच चाळीसचे एकेचाळीस झाले.

"मावशी," ती म्हणाली, "बंद करा ते…"

मावशींनी हात वर करून तिला गप्प केलं. थोडा वेळ ऐकलं. मग हसल्या, आणि फोन तिच्यापुढं धरला.

"घे. तुज्याशीच बोलायचं म्हनतोय."

राजेश्वरीनं नको म्हणून मान हलवली. मान हलतच होती, तरी तिचा हात पुढे गेला होता.