कपाट करकरलं नाही

"ताई, कपाटातली चांदीची डबी नाहीये," राखणदार बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

थोरल्या बहिणीने नळ बंद केला. पाच दिवस भाड्याने घेतलेल्या या जुन्या हवेलीत घरच्या सगळ्यांनी पाळीपाळीने रांधलं, खाल्लं, भांडणंही केली. आता बॅगा दिवाणखान्यात उभ्या होत्या. अकराला मॅनेजर यादी तपासायला येणार, आणि यादी जुळल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा इथला नियम. धाकटा भाऊ तर संध्याकाळच्या विमानाने कायमचा परदेशी चालला होता.

"दोनशे वर्षांची चांदी, ताई. कपाटाची किल्ली एकच, तीही माझ्याकडे. मला काढून टाकतील. मागची खोली जाईल, मग राहू कुठे?"

"किल्ली यांच्याकडे, मग विचारायचं काय राहिलं?" दिवाणखान्यात येरझारा घालणारा धाकटा म्हणाला.

"जिभेला हाड असू दे जरा." तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात कात्र्या-चिमटे मोजण्यात गेलेली थोरली. वस्तू हरवली की आधी जागा बघायची, माणूस नंतर. "बाई, कपाट उघडा."

बाईंनी दिवाणखान्यातल्या कपाटाचे काचेचे दोन्ही पल्ले उघडले. आत सगळं जागच्या जागी, फक्त डबीची जागा रिकामी.

"काल दुपारी पुसायला उघडलंत तेव्हा होती?"

"होती की."

"तेव्हा पल्ले इतके करकरले की बाबा वैतागून उठून गेले."

"रोजच करकरतात ते."

"आत्ता हलवा बरं."

बाईंनी दोन्ही पल्ले हलवले. आवाज नाही. थोरलीने बिजागरीवर बोट फिरवून हुंगलं.

"खायचं तेल. तुम्ही घातलंत?"

"नाही हो."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. उभा जन्म सुतारकीत गेलेला माणूस, पण आज कपाटाकडे वळूनही बघत नव्हता. थोरली त्यांच्याकडे वळली.

"कुलूप कुणी उघडलंच नाही," ती म्हणाली. "बिजागरीच्या सळ्या ओढल्या की पल्ला किल्लीशिवाय निघतो. चोर डबी घेऊन पसार झाला असता. याने सळ्या परत बसवल्या, आपल्याच बाटलीतलं तेल घातलं, आणि ज्या पल्ल्याला हात लावायची गरज नव्हती त्यालाही घातलं. करकरता पल्ला तसाच सोडणं ज्याच्याने होत नाही, असा माणूस इथे एकच आहे. बाबा, द्या ती डबी."

बाबांनी स्वेटरच्या खिशातून डबी काढली.

"वाटलं, यादी अडली की याचं विमान चुकेल. दोन दिवस तरी मिळतील."

"आणि बाईंचं छप्पर?"

"ते डोक्यातच आलं नाही गं." बाबा उठले. डबी बाईंना देऊन त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. मॅनेजरला मीच सांगतो."

"तुम्ही मला नुसतं 'थांब' म्हणायचं होतंत, बाबा," धाकटा म्हणाला.

"म्हटलं असतं, तर थांबला असतास?"

बाहेर मॅनेजरची गाडी थांबली. धाकट्याने सवयीने घड्याळात पाहिलं, आणि त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.