धोंडाबाईची थरथर

"दिवस मावळायच्या आत माझ्या बहिणीला डाग देणार हायती, साहेब! तापल्याल्या सळईचा!"

भिगवणचा सोपान मोहनरावांच्या बारामतीतल्या खोलीत उभा राहून रडत होता. मोहनराव पोलीस खातं सोडून खासगी तपास करू लागले होते, आणि त्यांचा मित्र इब्राहिम कापडाचं दुकान नोकरावर टाकून त्यांच्यामागे हिंडत असे. तपास मोहनरावांचा, मोटार इब्राहिमची, आणि भीती तीही इब्राहिमचीच!

सोपानची बहीण धोंडाबाई बावड्याला दिली होती. दिवाळीपासून तिचे हात थरथरत, पाय एका जागी ठरत नसत, मध्येच अंगाला हिसका बसे.

"म्हायेरी आणली की हळूहळू बरी हुती. सासरी गेली की पुन्ना सुरू! जाऊ छबूबाईनं करणी केली म्हणत्यात. तिचा नवरा गेला ना, म्हणून हिच्यावर जळती."

इब्राहिम मोहनरावांच्या कानाशी लागला. "मोहनराव, हे बाहेरचं दिसतंय. आपण नको पडायला."

"बाहेरचं असतं तर माहेरीही गेलं असतं. मोटार काढा!"

इंदापूर मागे टाकून ते बावड्यात पोचले, तेव्हा अंगणात म्हस्कू भगत निखारे फुंकत बसला होता. सळई अजून काळीच होती. इब्राहिमने तिकडे पाहिलं मात्र, तो मोहनरावांच्या पाठीमागे सरकला.

धोंडाबाई माजघरात येरझाऱ्या घालत होती. पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

"तोंड सारखं सुकतं," ती म्हणाली. "हात माझं ऐकत न्हाईत. खरंच कुणी शिरलं असंल का हो माझ्यात? लई भ्या वाटतंय."

"जेवता कधी, बाई?"

"धनी उठलं की, त्येंच्याच ताटात. त्येंनी टाकल्यालं आधी खायाचं, मग आपलं वाढून घ्यायचं. समद्याच बाया करत्यात की!"

छबूबाई चुलीपाशी अंग चोरून बसली होती. "मी करणी केली, इख घातलं म्हणत्यात! अवो, एकाच तव्यावरची भाकर समदी खात्यात. मला कुठं काय झालंय? भाऊजींचा दूध-भाकरीचा काला तर आत्याबाई सोता कुस्करत्यात, गूळबीळ घालून. मला हात लावू देत न्हाईत, रांडमुंड म्हणून!"

"हीच ती," इब्राहिम कुजबुजला. "डोळे बघा कसे चोरतेय!"

"घाबरलेलं माणूस डोळे चोरतंच. तुम्ही मघापासून काय करताय?"

ओट्यावर धोंडाबाईचा नवरा कुंडलिक भिंतीला टेकून बसला होता. मोहनरावांनी विचारलं, तरी तो बोलला नाही. उत्तर दिलं ते त्याच्या आईने, छबूबाईच्या त्या आत्याबाईने, ठमाबाईने.

"थोरला गेला तवापास्नं असाच हाय. आता तर बोलतबी न्हाय, धड जेवत न्हाय. ताटातलं निम्मं तसंच ऱ्हातंय."

ती बोलत होती मोहनरावांशी, पण तिची नजर लेकाच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हातांवर होती. आईची माया, दुसरं काय, असं इब्राहिमला वाटलं.

"सळई झाली लाल!" म्हस्कू ओरडला. बायांनी धोंडाबाईला दंडाला धरून अंगणात आणलं. तिने अशी किंकाळी फोडली की इब्राहिमने कानावर हात ठेवले.

"थांबा!" मोहनराव मध्ये उभे राहिले. "छबूबाईच्या तव्यावरचं सगळेच खातात, म्हणजे दोष तव्यात नाही. मग धोंडाबाई असं काय खाते, जे छबूबाई खात नाही, ठमाबाई खात नाही, आणि माहेरी तिला मिळत नाही?"

त्यांनी ओट्यावरच्या कुंडलिककडे बोट दाखवलं.

"नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं! आणि त्या ताटात एकच जिन्नस असा, ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. ठमाबाई, काल्यात काय घालता?"

म्हातारी मटकन खाली बसली.

"इख न्हाय वो! पुण्याच्या डागदरानं गोळ्या दिल्यात. नवंच निघालंय म्हनाला, मन खचल्यालं माणूस उठतंय. पयल्यांदा ह्यो थुकायचा, 'मी काय येडा हाय?' म्हनायचा. मग म्या कुटून काल्यात घातल्या. डागदर म्हनाला हुता, हात थरथराय लागलं तर लगीच घेऊन या. म्या रोज ह्याचंच हात बगत हुते! थरथरत न्हाईत म्हणून गोळ्या वाढवल्या… आन् सुनंला डाग द्यायला भगत बी मीच बोलावला!"

"औषध वाईट नाही, ठमाबाई. कुंडलिक काला टाकायचा, म्हणून ते भलत्या पोटात गेलं. उद्या दोघांनाही त्याच डॉक्टरांकडे न्यायचं."

तेवढ्यात कुंडलिक उठला. त्याने म्हस्कूच्या हातातली सळई हिसकावली आणि हौदात बुडवली. चर्र आवाज झाला.

"आये, मी येडा न्हाय," तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा आवाज घरात ऐकू आला होता! "पण मला बरं न्हाय. गोळी माझ्या हातात देत जा. मी गिळीन."

बायांनी धोंडाबाईचे दंड सोडले. ती मोहनरावांकडे बघत राहिली.

"म्हंजी माझ्या अंगात कुणीबी न्हाय?"

"कुणी नाही, बाई. तुम्हीच आहात."

तेव्हा ती सोपानच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. हात अजून थरथरतच होते, पण आता तिला त्यांची भीती वाटत नव्हती.