शंभर वॉटचं भांडण

“ती मुलगी सरळ खोटं बोलतेय,” तो तरुण रेडिओच्या सामानाच्या दुकानदाराला सांगत होता. “शंभर वॉटचं स्टेशन, एका बल्बाएवढी ताकद, तेही युरोपातलं, आणि ऐकलं कुठं? तर नाशकात! इंटरनेटवरून उचललं असणार.”

ती मुलगी त्याच्या मागेच उभी होती. हातात एरियलच्या तारेचं भेंडोळं, आणि कानांच्या पाळ्या संतापानं लाल.

“उचललं नाही,” अलिशा म्हणाली. “गच्चीत बसून ऐकलं. माझ्या कानांनी.”

तो गर्रकन वळला. दूरदूरची शॉर्टवेव्ह स्टेशनं पकडणाऱ्यांच्या ग्रुपवर ज्यानं तिचं रेकॉर्डिंग खोटं ठरवलं होतं, तो हुजैफा हाच! याचे डोळे इतके शांत असतील असं तिला वाटलं नव्हतं... त्याचाही तिला राग आला.

“मग मलाही ऐकवा,” तो म्हणाला.

“रविवारी या. दिवस मावळताना. अम्मी घरी असेल, जरा नीट बोला.”

अलिशा सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायची. केसभर चूक तिच्या हातून पुढं जात नसे. आणि हा माणूस तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाला होता! ते स्टेशन म्हणजे कुणी एक म्हातारा, आपल्या शेतावरून जुनी गाणी लावणारा. त्याचा मुंगीएवढा आवाज समुद्र आणि डोंगर ओलांडून तिच्या हेडफोनमध्ये आला, तेव्हा तिला हुंदकाच फुटला होता.

रविवारी हुजैफा आला. गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा, तसाच बसला – परीक्षा घ्यायला बसावं तसा. रेडिओतून नुसती खरखर आली. पुढच्या रविवारीही खरखरच. त्याच्या पुढच्या रविवारी तो मफलर विसरला, तर नूरबानोनं, अलिशाच्या अम्मीनं, त्याच्या खांद्यावर आपली शाल टाकली.

“तुमची अम्मी चांगली आहे,” तो म्हणाला.

“हो. मी नाही.”

“ते बघतोच आहे...” तो हसला. एकच हेडफोन दोघांत होता. तो तिच्याकडे देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि त्यानं ती लगेच काढली नाहीत. तिनंही नाही.

मग तो हळूच म्हणाला, “अलिशा, राहू दे आता. मी मानतो. तुम्ही ऐकलं होतं.”

“काय ऐकलंत आज तुम्ही?”

“काहीच नाही. पण तुम्ही खोटं बोलणार नाही, हे कळलंय.”

“म्हणजे मी आवडायला लागले, म्हणून खरी?” तिचा आवाज चढला. “आणि उद्या नाही आवडले तर? परत खोटारडी? मला तुमची मेहेरबानी नको. उठा! जा इथून!”

त्यानं हेडफोन खाली ठेवला आणि उठला. जिना उतरून गेला.

त्यानंतरचे रविवार रिकामे गेले. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. मी जा म्हटलं तर गेलाच! अलिशा रेडिओचं बटण असं पिळायची की अम्मी म्हणायची, “बेटा, रेडिओनं काय केलंय तुझं?”

आणि एका रविवारी संध्याकाळी खरखरीतून अकॉर्डियनवरचं जुनं गाणं उमटलं. पुसट, थरथरतं... तेच स्टेशन! तेवढ्यात फोन वाजला.

“येतंय!” हुजैफा ओरडत होता. “अलिशा, येतंय!”

“कुठं आहात तुम्ही?”

“नांदगावला, मामांच्या मळ्यात. दर रविवारी येतोय. निंबाच्या झाडाला वायर बांधलीय, इथं विजेच्या तारांची खरखर नाही.”

तिनं हेडफोन एका कानाला घट्ट दाबला. “आता काय चाललंय? सांगा!”

“गाणं संपलं... तो बोलतोय... थांबा – तो खोकला!”

तिच्याही कानात तो म्हातारा खोकला होता. अलिशानं डोळे मिटले.

“ग्रुपवर माफी टाकलीय,” तो म्हणाला. “तुमच्यावर मेहेरबानी म्हणून नाही. ऐकलं म्हणून.”

“आणि ते दुसरं? मी विचारलं होतं, तुम्ही गप्प बसलात.”

“तुम्ही मला आवडता. स्टेशन आलं नसतं तरी.”

“मग इतके दिवस मला रडवायला लाज नाही वाटली?” ती ओरडलीच. खालून अम्मी काय झालं म्हणून विचारत होती. “उद्या या. मामांना घेऊन या, अम्मीशी बोलायला. आणि मी अजून रागावलेय, हे त्यांना आधीच सांगून ठेवा!”