डाव्या खिडकीची सीट

श्रावण आला तो पोपटी रेक्झीनचा कुरतडलेला तुकडा हातात घेऊनच.

भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानाच्या वर शुभांगी कापगतेचं चौकशी कार्यालय होतं. चौकशा बहुतेक होणाऱ्या नवरदेवांच्या: पितो का, नोकरी खरी आहे का. तिच्या मदतीला टेकचंद, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

"बाई, माह्या नावाची माती झाली," श्रावण म्हणाला.

तो भंडाऱ्यातलाच, गाड्यांच्या सीटा शिवणारा कुशनवाला. तुमसरच्या राइस मिलचे मालक तुलारामसेठ यांनी मुलीच्या, उर्वशीच्या, लग्नासाठी आपली जुनी फियाट त्याच्याकडून नवी करून घेतली होती. सीटा आणि चारही दारांची अस्तरं, सगळं पूर्वीसारखं पोपटी. गाडी पोचवून आठवडा झाला नाही तोच उंदरांनी मागची सीट फोडली. श्रावणनं पैसे नव्या काथ्याचे घेतले आणि आत जुनाच, उंदरांच्या घरट्यांसकट कोंबला, असं सेठ गावभर सांगत होते. दोन गिऱ्हाइकं आपल्या गाड्या परत घेऊन गेली होती. हळदीच्या आत खरं बाहेर आलं नाही तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

"चोर म्हणून राहिले मले," म्हणत त्यानं तो तुकडा टेबलावर ठेवला.

तिघं तुमसरला गेले. फियाट मिलच्या मागच्या शेडमध्ये उभी होती. सेठ रागात होते, पण गाडीचा विषय निघताच मऊ झाले.

"याच गाडीत माही कुंता लग्न होऊन आली. मांगं, डाव्या खिडकीले. हात असा दारावर ठेवून. हाच पोपटी रंग, अशाच पट्ट्या. मले सगळं ध्यानात आहे."

कुंताबाई उर्वशीची आई. मुलगी लहान असतानाच त्या वारल्या. मग सेठनी गोदावरीबाईंशी लग्न केलं. "गोदावरी आमच्या मिलमध्येच कामाले होती. घर चोख ठेवलं तिनं," असं सेठनी पुढे जोडलं, चांगल्या मशीनबद्दल सांगावं तसं.

शुभांगीनं मागची सीट बाहेर काढायला लावली. उंदरांनी डावा अर्धा भाग खाल्ला होता आणि डाव्या दाराच्या अस्तराचा खिसा. उजवी बाजू कोरी करकरीत होती. सीट उलटी केली तेव्हा श्रावण दचकला. खालचं कापड तो तारेच्या कड्यांनी बसवायचा. डावीकडच्या कड्या निघाल्या होत्या आणि त्या जागी सुतळीची शिवण होती. शिवणीच्या दोन्ही टोकांना कापड पिळून आवळलेलं होतं.

"हे माह्या हातचं नाही," तो म्हणाला. सेठ म्हणाले, आता तू काहीही म्हणशील.

शुभांगीनं आतून चिमूटभर कणी काढली, वास घेतला आणि टेकचंदच्या नाकाशी धरली. त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं. जेवायची वेळही झालीच होती.

पण आधी तिनं प्रितमला गाठलं. हा गोदावरीबाईंचा मुलगा, मिल आता तोच बघायचा. फियाट उर्वशीसोबत सासरी जाणार याचा राग त्यानं लपवला नाही. लहानपणापासून गाडी पुसली यानं, आणि बसणार मात्र जावई. बोलता बोलता त्यानं मिल दाखवली. कामगार हातातल्या मशीननं थैल्यांची तोंडं झरझर शिवत होते. दाभण आपण कधी धरलं नाही आणि आता इथं कोणीच धरत नाही, असं तो हसत म्हणाला. तांदूळही एकच निघायचा, जाडा.

संशय घ्यावा असा दुसरा चंद्रकुमार, तुमसरचाच कुशनवाला. काथ्या जुना असल्याची बोंब पहिल्यांदा यानंच मारली होती, तीही सीट न बघता.

"माह्या गावची गाडी भंडाऱ्याले जाते, मंग माह्या पोटात दुखणार नाही का?" तो सरळ म्हणाला. पण शेडमध्ये आपण पाऊल टाकलं नाही, असंही त्यानं सांगितलं. त्याचं दुखणं खरं होतं, एवढं शुभांगीला पटलं.

जेवण सेठच्या घरी झालं. घरच्या शेतातल्या चिन्नोर या सुवासिक तांदळाचा भात, वाफेबरोबर वास घरभर. टेकचंदनं तीनदा वाढून घेतला. गोदावरीबाई कमरेच्या किल्लीनं कोठीघर उघडून पापड काढायला गेल्या, तेव्हा वाटेतला चिन्नोरचा बोरा, सुतळीनं तोंड शिवलेलं पोतं, टेकचंदनं दोन्ही कान धरून बाजूला केला. शुभांगी त्या बोऱ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"गाडी नवी झाल्यावर तुमी बसल्या का जी तिच्यात?" तिनं विचारलं.

"मले कोण बसवते?" गोदावरीबाई म्हणाल्या आणि कुलूप लावलं.

दुपारी शुभांगीनं उर्वशीला कोसा साडीच्या कामाचं निमित्त काढून मोहाडीला पाठवलं आणि बाकी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आधी श्रावणकडून सीटची उजवी बाजू उघडवली. आतला काथ्या नवाकोरा होता.

"जुना काथ्या असता तर उंदरांनी दोन्ही बाजू खाल्ल्या असत्या. उंदीर आपल्या मनानं नाही आले, सेठजी. त्याईले बोलावलं. डावीकडे अन् दाराच्या खिशात कोणीतरी तांदूळ भरला."

टेकचंदनं लगेच चंद्रकुमारकडे बघितलं.

"चंद्रकुमारभाऊनं उघडली असती तर कड्याच लावल्या असत्या, कोणाले समजलं नसतं. ही शिवण बोऱ्याची आहे. दोन्ही टोकाले कान काढले आहेत, उचलाले लागतात तसे. सीटले कान कायले पाहिजे? पण हाताले सवय असली का हात विचारत नाही."

"मंग मिलमधला कोणी कामगार," टेकचंद म्हणाला.

"मिलमध्ये मशीन शिवते. अन् सीटमधल्या कणीले चिन्नोरचा वास आहे, तुमाले त्याच वासानं भूक लागली. चिन्नोर घरच्या कोठीत आहे, किल्ली एकाच कमरेले. तिथल्या बोऱ्याले असेच कान आहेत."

टेकचंद आता प्रितमकडे वळला. शुभांगीनं मान हलवली. प्रितमला दाभण धरता येत नव्हतं, आणि त्याचा राग सगळ्या गाडीवर होता. इथं फक्त एक जागा नासली होती.

"जिथं कुंताबाई बसल्या होत्या," ती हळूच म्हणाली.

सेठनी बायकोकडे बघितलं. गोदावरीबाईंनी नाकारलं नाही.

"मी कायच्यात आली होती, सांगा," त्या सेठना म्हणाल्या.

सेठची नजर फियाटकडे गेली.

"मिलच्या ट्रकमध्ये. धानाच्या बोऱ्याइवर बसून. ते बोरे मीच शिवले होते. हे गाडी शेडमध्ये उभी होती, तुमी काढू नाही दिली. तिच्या सीटच्या पट्ट्या तुमाले ध्यानात आहेत. मी त्या दिवशी काय नेसली होती, तेवढं सांगा."

त्यांनी सीटच्या सुतळीच्या शिवणीवर बोट ठेवलं.

"मेलेल्या बाईवर जळते मी. लाज वाटते, पण जळते." मग त्या श्रावणकडे वळल्या. "भाऊ, तुह्या नावाले डाग लागन हे मनातच नाही आलं. चुकली मी."

सेठनी दाराच्या फाटलेल्या अस्तरावर हात फिरवला. मग म्हणाले की काथ्या नवा होता आणि चूक आपल्या घरची होती, हे हळदीच्या मांडवात ते स्वतः सांगतील. श्रावणचे डोळे भरून आले. ते लपवायला तो सीट मोजायला बसला.

"लग्नाच्या आत शिवून देतो. रंग कोणता घेऊ?"

सेठनी गोदावरीबाईंकडे बघितलं.

"पोपटीच," त्या म्हणाल्या. "पोरीची माय होती." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "पण समोरची सीट माही. वरातीत तिथं मी बसीन."

"अन् तिचा रंग?" सेठनी विचारलं.

"लाल. माहं लुगडं लाल होतं."