वडाला बांधलेली तार

शालनने सयाजीला पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याच वडावर. चिंचवडच्या वेशीबाहेर, पवनेकडे उतरणाऱ्या मळ्याच्या बांधावर तो वड. आणि भर चैत्रात कुणी खाकी विजारवाला फांदीवर पालथा पडून काहीतरी बांधत होता! कमरेला दोरी, दातांत चाकू. चोर म्हणावा, तर पायात कारखान्याचे बूट.

"ओ, खाली उतरा आधी! झाड आमचं हाय."

"उतरतो की. पण तेवढी कप्पी वर फेकता का? तुमच्या पायाशीच पडलीय."

आता बोला! चोरालाच शिडी धरायची म्हणजे कमाल झाली. पण शालन कप्पी फेकून मोकळी झाली. त्याने ती अलगद झेलली.

"उद्धवरावांना विचारून बांधतोय," तो वरूनच म्हणाला.

"आबांना इचारलं आसंल. मला न्हाई इचारलं."

"मग आता विचारतो... बांधू?"

असं विचारून कुणी हसतं का! शालनने उगाच पदर सारखा केला आणि म्हणाली, "बांधा. पण फांदी मोडली तर बघा."

ती निघोज्याला मामाकडे गेली होती, तेवढ्या दिवसांत आबांनी मळ्याच्या टोकाची खोली या सयाजीला भाड्याने दिली होती. गडी कोरेगावकडचा. फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होता, आता पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात वायरमन. पण खरा जीव अडकलेला रेडिओत. सरकारी परवाना काढून, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी यंत्रावर तो घरबसल्या दूरदूरच्या माणसांशी कट्ट-कडकट्ट करत बोलायचा. त्यासाठीच खोलीवरच्या बांबूपासून वडापर्यंत तांब्याची तार ताणलेली. लांब लाटा पकडायच्या तर तार लांब हवी, उंच हवी, आणि वडाएवढं उंच दुसरं काही त्या शिवारात नव्हतं.

शालनच्या आईला, मंजुळाबाईंना मात्र ती तार म्हणजे देवाने धाडलेली वलणी वाटली. एक दिवस वारा होता म्हणून सयाजी तार सैल करून, छातीइतकी खाली सोडून शिफ्टला गेला. बाईंनी पावसाळ्याआधी धुवायला काढलेल्या घरातल्या सगळ्या गोधड्या, ओल्याचिंब, तिच्यावर टाकल्या! आता ओल्या गोधडीचं वजन काय सांगावं? दुपारपर्यंत तार तुटली आणि गोधड्या ढेकळांत लोळल्या. वर बाईंचंच म्हणणं, "कसली म्हणायची ही तार, चार गोधड्या पेलवंनात!"

संध्याकाळी शालन ओशाळून त्याच्या खोलीशी गेली. सयाजी तुटकी टोकं हातात घेऊन बसला होता.

"रागावला?"

"गोधड्यांवर रागावून काय करू?" तो म्हणाला. "जोडू लागता?"

मग काय! तार जोडली, ताणली. तारेतली वीज झाडात उतरू नये म्हणून टोकांना लावायला बांबूच्या कांड्या हव्या होत्या. त्यांत पाणी मुरू नये म्हणून त्या मेणात उकळायच्या. मेण शालनने चुलीवर वितळवलं, आणि घरभर वास सुटला म्हणून बोलणी खाल्ली. वाऱ्यात वड हलला की तारेला हिसका बसतो. त्यासाठी तार अशी दोरीला बांधली होती, की दोरी कप्पीवरून खाली बांधावरच्या खुंटीला यायची. वारा सुटला की दोरी सैल सोडायची, पडला की ताणायची. सयाजी शिफ्टला असला की हे काम आपोआप शालनकडे आलं. वारा नसतानाही तिच्या फेऱ्या होऊ लागल्या, ते सोडा.

"बोलता तरी कुनाशी?" तिने एकदा विचारलं.

"कोलंबोला एक डॉक्टर आहे. काल भेटला."

"काय म्हनतो?"

"तिकडं पाऊस आहे म्हणतो."

"आगं बया! येवढी तार बांधून हवापानीच इचारता?"

"मग काय विचारू?"

"काहीतरी... मनातलं."

"मनातलं सांगायला इतक्या लांब कशाला जाऊ?" असं म्हणून तो एकदम पकडीशी खेळू लागला. कानाच्या पाळ्या लालभडक! शालनला तो आवडला होता. फार आवडला होता, आणि हे त्याला कळलंय की नाही या विचाराने तिला भाकरी गोड लागत नव्हती.

त्याला कळलं असेल-नसेल, मंजुळाबाईंना कळलं.

"तारंच्या निमतानं हा येतो, तू जातीस. लोकांना तोंडं हायेत, शालन." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वटपौर्णिमेला साऱ्या गावच्या सवाष्णी येनार. परक्या गड्याची तार आपल्या वडाला? काढाया सांगा त्या तारवाल्याला."

उद्धवराव भिडस्त माणूस, पण बायकोपुढे इलाज नाही. सयाजीला सुट्टी थेट पौर्णिमेचीच होती. पूजा उरकली की संध्याकाळी तार उतरवायची, असं ठरलं.

"मग मी दिघीला जाईन," सयाजी शालनला म्हणाला. "मित्राची खोली आहे. तिथं मोकळं रान आहे."

"दिघीवरनं हिकडं..."

"इकडं कशाला येऊ? कामच राहणार नाही."

शालनने घरी येऊन तांदूळ निवडायला घेतले आणि खड्यांऐवजी तांदूळच फेकत बसली.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. नथी घातलेल्या, इरकली नेसलेल्या बायका आंबे-फणसाची ताटं घेऊन आल्या. सुताची गुंडी सोडत वडाला फेरे घालू लागल्या, जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे म्हणत. फेऱ्यावर फेरे, सुतावर सूत. शालन कुवारीण, ती नुसती पाण्याची कळशी घेऊन उभी. तिची नजर मात्र वडाच्या खोडावरून हलत नव्हती.

संध्याकाळी सयाजी पकड घेऊन आला. उद्धवराव, मंजुळाबाई उभे. त्याने बांधाकडे पाहिलं, तर खुंटी रिकामी! दोरी पारंब्यांच्या आडून उतरून वडाच्या खोडाला दोन वेढे देऊन बांधलेली, आणि तिच्यावर साऱ्या गावच्या सवाष्णींचं पांढरंशुभ्र सूत.

"आता गं बाई!" मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "दोरी सोडायची तर सूत तोडावं लागंल. गावच्या बायका मला जित्ती सोडतील व्हय?"

उद्धवराव मिशीत हसले. "वडाचं सूत कुनी तोडतं व्हय? झिजून पडंल तवा बघू. चला घरला."

मंजुळाबाई फणकाऱ्याने निघून गेल्या. मागे उरली ती दोघं.

"दोरी खुंटीला होती," सयाजी हळूच म्हणाला.

"व्हती."

"खोडाला कुणी नेली?"

खोटं बोलायचं शालनने सकाळीच ठरवलं होतं. पण तो समोर उभा, आणि... छे! "मी," ती म्हणाली. "पूजेआधी. तुमी दिघीला जाऊ नये म्हनून." एवढं बोलून तिचे डोळे भरले.

सयाजीने वर कप्पीकडे बोट दाखवलं.

"शालन... सुताला हात लावायची गरजच नव्हती. वर चढून कप्पीपाशी दोरी कापली असती, की तार मोकळी."

"मग बोलला का न्हाई?"

"कापायचीच नव्हती मला. मला जायचंच नाही कुठं."

शालन त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसली, मग पदराने डोळे पुसले, मग परत हसली.

"मला काय सांगता? आबांना सांगा."

"आत्ता?"

"न्हाईतर कधी? सूत झिजल्यावर?"

तो खरंच निघाला. पकड तिच्या हातात देऊन, बूट वाजवत, मळ्यातून सरळ घराकडे. शालन वडाखाली कान देऊन उभी. आधी काहीच ऐकू येईना. मग आबांचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मग आईचा चिडका सूर, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. शालनला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात ओसरीवरून आईचीच हाक आली. कालपर्यंत ती त्याला तारवाल्याशिवाय काही म्हणत नव्हती.

"शालन! कुटं ऱ्हायलीस गं? पाव्हणं बसल्यात, चहा ठेव... आन् साखर जरा जास्त टाक!"